साडभाऊ, पॉइंट आणि डब्बी

माणिकराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी महागावातल्या माझ्या दुकानात एका गुरुजींच्या गाडीचं कार्बोरेटर खोलून बसलो होतो. हात पेट्रोलने ओले, म्हणून गुरुजींनीच फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे माझी बायको, वंदना. "ढाणकीचे भाऊजी गेले," ती म्हणाली. "चहा पेत होते... कप हातातच राह्यला." अशा वेळी माणूस अरेरे म्हणतो, देवाचं नाव घेतो. माझ्या तोंडून निघालं, "असा कसा गेला बे तो?" गुरुजी दचकून माझ्याकडे पाहू लागले. ज्याच्याशी अर्धं आयुष्य भांडलो तो भांडण तसंच टाकून उठून गेला, याचा मला त्या क्षणी दुसरं काही नाही, निव्वळ राग आला होता.

माणिकराव माझा साडभाऊ, म्हणजे वंदनाच्या मोठ्या बहिणीचा, कुसुमताईचा नवरा. ढाणकीच्या बाजारात त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आणि महागावला माझं. जन्मभर तो जुन्या गाड्यांतल्या पॉइंटची आरती ओवाळत राहिला आणि मी इलेक्ट्रॉनिक डब्बीचा झेंडा धरून उभा. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पॉइंट मराच्या आधी खोकते, माणसाले टाइम देते. तुही डब्बी न सांगता मरते." आणि हा स्वतः कसा गेला? ना खोकला, ना ताप, ना कोणाला एक शब्द. मी वंदनाला फोनवर तेच म्हणालो, की गेला शेवटी डब्बीसारखाच. तिने फोन कापला.

ढाणकीच्या शोकसभेत त्याचं काय काय ऐकावं लागलं! दिलदार माणूस, देवमाणूस, कोणाचं मन दुखावलं नाही म्हणे. मी मागच्या खुर्चीत बसून दात आवळत होतो. ज्यांचं मन त्याने दुखावलं नाही असे लोक बहुधा त्याला भेटलेच नसतील. आता वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या मंडळींनी सांगितलं की तुम्ही दोघं साडभाऊ, दोघं मेकॅनिक, काहीतरी हृद्य लिहा. माझ्यापाशी हृद्य काही नाही. जे आहे ते लिहितो, छापायचं तर छापा.

आमची पहिली भेटच अशी की तिथेच सगळं कळायला हवं होतं. माझं लग्न होऊन मी सासरी पहिल्यांदा गेलतो. सासर केळापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. त्यांची दोन स्ट्रोकची जुनी मोटरसायकल अंगणात उभी, आणि माणिकराव थोरला जावई म्हणून तिच्याजवळ उकिडवा बसलेला. गावचे चारचौघे नवा जावई पाहायला जमलेले. तो मला म्हणाला, "या, जवाईबुवा. तुमी बी मेकॅनिकच न? जरा प्लगची वायर धरता का?" मी मानाने धरली. त्याने किक हाणली. माझ्या खांद्यापर्यंत असा झटका बसला की डोक्याची टोपी उडून शेणात पडली. सगळे हसले. मामाजी हसले, दाराआडून बायाही हसल्या. "पाह्यलं?" तो म्हणाला. "पॉइंटचा करंट हाय हा. जित्ता करंट." लग्नाची हळद उतरली नव्हती माझी, आणि या माणसाने माझी सासुरवाडी माझ्यावर हसवली. ते मी त्याला कधी माफ केलं नाही आणि आजही करत नाही.

आता ज्यांनी आयुष्यात गाडी फक्त बटण दाबून चालू केली त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात पेट्रोल पेटायला ठिणगी लागते. जुन्या गाड्यांत ती ठिणगी पॉइंट पाडायचा. मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूला फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या आत धातूचे दोन बारके ठिपके, इंजिन फिरलं की ते उघडतात आणि मिटतात. उघडले की करंट तुटतो, कॉइल त्याचा जोर वाढवते आणि प्लगवर ठिणगी पडते. हे ठिपके जळतात, घासतात, ओल धरतात, म्हणून सारखे साफ करा, त्यांची फट लावा. माणिकराव ही फट सिगारेटच्या पाकिटातल्या पन्नीने लावायचा. दोन ठिपक्यांमध्ये पन्नी धरायची, चाक हळूहळू फिरवायचं आणि पन्नी बोटांत ढिली झाली की तिथेच खूण करायची. डोळे मिटून करायचा, जसा काही समाधीत बसला आहे. हात चांगला होता त्याचा, हे मी नाकारत नाही. पण त्या हाताचा माज केवढा! गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यायचं आणि हा त्याला म्हणायचा, "बीमार होते म्हणूनच तं डॉक्टर लागते." डब्बी म्हणजे तीच ठिणगी इलेक्ट्रॉनिक सर्किटने पाडणारी बंद पेटी, तिच्यात यातलं काही नाही. घासायला काही नाही, जळायला काही नाही, पावसाळा असो की धुकं, एका किकमध्ये गाडी चालू. बिघडली तर खोलून दुरुस्त होत नाही, फेकायची आणि नवी लावायची, एवढंच. साऱ्या जगाने शेवटी डब्बी घेतली. आज रस्त्यावर पॉइंटची गाडी दाखवा मला. पण माणिकरावाने कधी एकदा तरी म्हणावं की दिवाकर, तुझं बरोबर होतं? नाव नको.

भांडण पेटलं ते मामाजींच्या त्या गाडीवरून. मामाजींचे गुडघे गेले होते. सकाळच्या ओलीत पॉइंट रुसायचा आणि म्हातारा किका मारून मारून घामाघूम व्हायचा. एका दिवाळीला त्यांनी मलाच म्हटलं, "जवाईबुवा, तुमची ते डब्बी बसवून द्या बापा." मी बसवली. एका किकमध्ये गाडी चालू. मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या दिवशी माझ्या ताटात स्वतःहून एक पुरणपोळी जास्त वाढली. मग पोळ्याला माणिकराव आला. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. सगळे जेवायला बसले तेव्हा हा अंगणात गेला, डब्बी काढली, पॉइंट परत बसवला आणि माझी डब्बी एका कॅरीबॅगमध्ये घालून माझ्याच गाडीच्या हँडलला लटकवली. पंगतीत येऊन बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मामाजी, हे डब्बी लहान्या जवायासारखी हाय. वरून चकचक, आत काय हाय ते कोणाले मालूम नाई." पुन्हा सगळे हसले. मी ताटावरून उठलो. वंदना माझ्या मागे रडत आली.

मग मीही मागे हटलो नाही. पुढच्या सणाला गेलो तेव्हा पॉइंट काढून डब्बी लावली. त्याच्या पुढच्या सणाला तो आला, डब्बी काढून पॉइंट लावला. किती वर्षं हे चाललं विचारू नका. सण कोणताही असो, जावई आला की आधी पाना काढायचा, पाणी नंतर प्यायचा. मामाजी बिचारे गाडी घेऊन निघताना विचारायचे, "सध्या काय हाय बापा इच्यात?" मामीजी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "काय करून राह्यले रे तुमी? एका गाडीले दोन जवाई, तिचा जीव जाईन!" आम्हाला दोघांनाही ते ऐकू आलं नाही. ऐकू यायला माणसाला समोरच्याकडे पाहणं थांबवावं लागतं आणि आम्ही एकमेकांवरची नजर काढायला तयार नव्हतो.

एका दिवाळीला तो माझ्यानंतर जाऊन आला, म्हणजे गाडीत त्याचा पॉइंट. थंडी पडली, आणि एका सकाळी धुकं असं की अंगणातली तुळस दिसू नये. मामीजींच्या छातीत कळ आली. मामाजींनी शेजारच्याला हाक मारली, मामीजींना मधे बसवायचं आणि पांढरकवड्याला दवाखान्यात न्यायचं असं ठरलं. मामाजींनी किक मारली. पुन्हा मारली. मारत राहिले... चपलेचा पट्टा तुटला, गुडघा सुजला, गाडी हूं की चूं करेना. शेवटी बैलगाडीने सडकेपर्यंत आणि तिथून कापसाच्या ट्रॅक्टरवर. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले की थोडं आधी आणायला पाहिजे होतं. ते वाक्य मामाजींनी आम्हाला सांगितलं तेव्हा ते जमिनीकडे पाहत होते.

राख सावडायच्या दिवशी मी माणिकरावाची कॉलर धरली. होय, धरली. म्हणालो, "तुह्या पॉइंटनं मारलं त्या माउलीले. धुक्यानं ओलला तुहा पॉइंट. डब्बी असती तं आज ते जित्ती असती." तो तोंडावर तोंड आणून म्हणाला, "तुह्या डब्बीनं आधीच कॉइल खाल्ली होती. माहा पॉइंट काय करन?" दोन्ही बहिणी तिथेच उभ्या. आईची राख अजून पाण्यात पडली नव्हती. कुसुमताई नवऱ्याच्या बाजूने बोलली, वंदना माझ्या बाजूने बोलली, आणि बोलता बोलता त्या एकमेकींना असं काही बोलल्या की ते परत घेता आलं नाही. मामाजी उठले, गाडी ढकलत कापसाच्या खोलीत नेली, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला बांधली. म्हणाले, "आता इले दोघायनंबी हात लावाचा नाई." जिवंत होते तोवर कोणाला लावू दिला नाही.

त्यानंतर ढाणकी आणि महागाव ही दोन गावं आमच्यापुरती एकमेकांपासून काशीइतकी लांब गेली. कुसुमताईच्या पोरीचं लग्न झालं, आम्हाला पत्रिका आली नाही. वंदनाने भाचीसाठी आधीच साडी घेऊन ठेवली होती. ती पेटीत तशीच राहिली, घडीवर पिवळी पडली. दर राखीपौर्णिमेला वंदना बहिणीची आठवण काढायची आणि मी म्हणायचो, तुझ्या भाऊजीने एकदा पॉइंटचं नाव घेऊन कबूल करावं, मी पायी ढाणकीला जातो. तो तिकडे कुसुमताईला म्हणायचा, महागाववाल्याने डब्बीचं कबूल करावं. दोन बाया म्हाताऱ्या होत गेल्या... आणि आम्ही दोघं आपापल्या दुकानात पाने घेऊन बसलेलो. मामाजी वारले तेव्हा मोठा जावई म्हणून गाडी माणिकरावाने उचलली. मी भर अंगणात म्हणालो, पुरावा लपवायला नेतो आहे. तो नुसता हसला. ते त्याचं हसू! आजही आठवलं की अंगावर काटा येत नाही, अंगाची आग होते.

माणिकरावाच्या तेरवीला मी गेलो ते वंदनासाठी. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, भांड्यांचा आवाज थांबला. मी चपला घालून निघायच्या बेतात होतो तर कुसुमताई मागच्या दाराशी येऊन उभी. इतक्या वर्षांत मला तिने हाक मारली नव्हती. "भाऊजी," ती म्हणाली, "पाना घ्या अन् इकडे या." तिच्या मागे वंदना. दोघी बहिणींचे डोळे रडून सारखेच सुजलेले, पण अजून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

परसात ताडपत्रीखाली मामाजींची गाडी. कुसुमताईने ताडपत्री ओढली. म्हणाली, "हे गाडी चालते, भाऊजी. दर रईवारी फाटक लावून चालू करत होते. दोन मिनिटं आवाज आयकायचे, बंद करून द्यायचे. मी इचारलं, आता चालते तं तवा काहून नाई चालली? मले म्हणे, महागाववाल्याले इचार." तिने तोंडाला पदर लावला, मग काढला. "मी इचारून राह्यली आता. सांगा. माही माय काहून मेली?"

मी पेट्रोलचा कॉक उघडला आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. तोच तो आवाज, टणटणीत, मामाजी बाजारातून आल्यावर फाटकाशी यायचा तो. वंदनाने कानावर हात ठेवले. मी गाडी बंद केली आणि मॅग्नेटचं झाकण काढलं. आत पॉइंट त्याचाच, आरशासारखा साफ. कंडेन्सर ठीक, कॉइलही मूळचीच आणि धडधाकट. म्हणजे माझ्या डब्बीने कॉइल खाल्ली नव्हती. खोटं बोलत होता, मी म्हणालो मनात, इतकी वर्षं खोटं बोलत होता! पण पॉइंटही मेलेला नव्हता. जळालेला डाग नाही, गंज नाही. पॉइंट तोच आहे हे मी ओळखलं, कारण त्याच्या स्क्रूवर एकदा माझ्याच पेचकसाने ओरखडा पाडला होता. मग मी टाकी उतरवली.

टाकीखालून मॅग्नेटची वायर कॉइलकडे जाते. पॉइंट काढून डब्बी लावायची तर ती कापावी लागते, डब्बी काढून पॉइंट लावायचा तर पुन्हा कापावी लागते. मी जोड दिला की वरून काळी टेप गुंडाळायचो. माणिकराव टेपवर गोधडी शिवायचा पांढरा दोरा आवळून बांधायचा, ती त्याची खूण. आणि आमच्या दोघांचा ताठा असा की त्याच्या दोऱ्याची गाठ मी कधी सोडली नाही, माझी टेप त्याने कधी उकलली नाही. दुसऱ्याच्या कामाला हात कोण लावणार? त्याच्या जोडाच्या पुढे मी कापायचो, माझ्या जोडाच्या पुढे तो कापायचा. तुकडा फेकून द्यायचा आणि उरलेली वायर ओढून जोडायची. आता ती वायर माझ्या समोर होती. टेप, दोरा, टेप, दोरा... आणि मधोमध एक नवा लाल वायरचा तुकडा, वीतभर, दोन्ही बाजूंना त्याचा दोरा. त्या लाल तुकड्याच्या दोन्ही टोकांना जुनी वायर जिथे तुटली होती तिथे तांब्याच्या तारा ताणून ताणून केसासारख्या बारीक झालेल्या. वायर पुरत नव्हती. कापून कापून आम्ही ती इतकी आखूड केली होती की त्या थंडीत ती आतल्या आत तुटली, वरचं प्लास्टिक तेवढं धरून राहिलं आणि ठिणगीच पडली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं.

मी दोघींना ते जसं आहे तसं सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो? वंदना खाली बसली. "म्हणजे दोघायनं," ती म्हणाली. कुसुमताई त्या लाल तुकड्याकडे पाहत होती. "हा दोरा त्यायचा हाय," ती म्हणाली. "माह्याच डब्यातला. म्हणजे त्यायले मालूम होतं?" मी म्हणालो, होतं. गाडी इथे आणली त्याच सुमारास समजलं असणार. "अन् मले महागाववाल्याले इचार म्हणत होते..." तिचा आवाज असा झाला की मला वाटलं ती आता त्या गाडीला लाथ घालते. घातली नाही. तिने वंदनाला हाताला धरून उठवलं. मीही मागोमाग निघालो तर दारात वळून म्हणाली, "तुमी बाहेरच राहा, भाऊजी. तुमचं इथं आत काही काम नाई." आणि दार लावून घेतलं. आतून दोघींचं रडणं ऐकू आलं, एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात तसं. मी परसात गाडीजवळ उभा.

तिथे उभं राहून मला जे वाटलं ते सांगतो, कोणाला आवडो न आवडो. पश्चात्ताप वगैरे नंतर. आधी वाटलं की हा माणूस हरामखोर होता. त्याला सगळं कळलं होतं. मला येऊन सांगितलं असतं की दिवाकर, हे पाहा, अर्धं तुझं अन् अर्धं माझं, तर मी ऐकलं असतं का? माहीत नाही. पण त्याने सांगितलं नाही. आपला अर्धा दोष कबूल करावा लागू नये म्हणून पुरा माझ्या माथी ठेवला त्याने, आणि दर रविवारी फाटक लावून तो आवाज ऐकत बसला एकटाच. दोन बहिणींची वर्षं गेली. भाचीच्या लग्नाची साडी पेटीत सडली. अन् हा चहा पिता पिता निघून गेला, मोकळा.

गाडी आता माझ्या दुकानात आहे. कुसुमताईनेच धाडली, तिला ती डोळ्यासमोर नको होती. आता ती दर महिन्याला महागावला येते, वंदनासोबत स्वयंपाकघरात बसते. मी गेलो की दोघी उठून परसात जातात. माझा चहा दुकानाच्या पायरीवर येतो, कपावर बशी झाकून. येणारी पोरं गाडी पाहतात आणि विचारतात, काका, हिच्यात पॉइंट आहे की डब्बी? मी टाकी उतरवून त्यांना ती वायर दाखवत नाही. नवी अखंड वायर टाकायला मला काही वेळ लागणार नाही. पण ती जुनी वायर काढली की माणिकरावाच्या हातचा दोरा जाईल आणि कापणाऱ्या दोघांतला उरेन तो फक्त मी. मग मामीजींचा सगळा हिशेब मला एकट्याला द्यावा लागेल. तो दोरा मी तसाच ठेवला आहे. रविवारी दुकानाचं शटर आतून ओढतो, एक किक मारतो आणि तो आवाज ऐकत उभा राहतो... अन् म्हणतो, माणिक, ये लेका, आपला अर्धा घेऊन जा.